उपाशीपोटी साखर वाढलेली, एचबीएवनसी नॉर्मल: युगांडातल्या लॅबमध्ये कोणता आकडा खरा धरायचा?

प्रश्न: लॅबताई_लिरा

नमस्कार मंडळी. मी मूळची वर्ध्याची. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) आणि नंतर बायोकेमिस्ट्रीत एमएससी केलं. सध्या उत्तर युगांडात, लिरा शहराजवळच्या एका मिशन हॉस्पिटलची लॅब सांभाळते. इथे मधुमेहाची ओपीडी आठवड्यातून एकदा असते आणि त्या दिवशी माझ्या काउंटरवर जे आकडे जमा होतात, त्यांतले काही एकमेकांशी भांडतात. त्यावर तुमचं मत हवं आहे. इथे लॅबमधली, ओपीडीतली आणि मशीन दुरुस्तीतली माणसं आहेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पहिली केस. साधारण साठीचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. लघवीला वारंवार जावं लागतं, वजन उतरलंय. उपाशीपोटी साखर ९.८ मिलिमोल, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबात १७६. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी) मात्र ५.७ टक्के. हिमोग्लोबिन १२.६. मी एचबीएवनसी त्याच बल्बमधून पुन्हा लावलं, तेवढंच आलं. कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेली तपासणी-सॅम्पल) रेंजमध्ये होते. ओपीडीतले क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसले तरी इथे रुग्ण तपासून औषध देणारे) म्हणाले, तीन महिन्यांची सरासरी नॉर्मल आहे ना, मग उपाशीपोटीचा आकडा एखाद्या दिवसाचा असेल, घरी जाऊ दे. मी त्यांना थांबवलं, पण त्यांना पटेल असं कारण देता येईना.

दुसरी केस याच्या उलट. एक बाई, इथून बऱ्याच लांबच्या हेल्थ सेंटरमधून तिचं सॅम्पल आलं. इथली व्यवस्था माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: युगांडात सॅम्पल नेण्यासाठी हब ठरलेले आहेत, मोटरसायकलवाले ठरावीक दिवशी छोट्या केंद्रांतून सॅम्पल गोळा करून हबला आणतात. एचआयव्ही आणि टीबीच्या तपासण्यांसाठी उभी राहिलेली ही व्यवस्था खरोखर चांगली आहे. पण त्या बाईचं रक्त प्लेन (साखर टिकवणारं रसायन नसलेल्या) बल्बमध्ये होतं, सकाळी काढलेलं, आणि माझ्याकडे दुपारी पोहोचलं. साखर आली ५.४. पुढच्या आठवड्यात ती स्वतः उपाशी आली, समोर रक्त काढून लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, तर ७.६. ५.४ वर तिला कुणी पुन्हा बोलावलं नसतं. ती पायाच्या जखमेसाठी आली होती म्हणून सापडली.

तिसरी गोष्ट पैशांची. एक देणगीदार एचबीएवनसीसाठी नवं मशीन द्यायला तयार आहेत. सध्याचं जुनं इम्युनोअसे (प्रतिपिंड वापरून मोजणाऱ्या) पद्धतीचं आहे. विक्रेता म्हणतो, आमचं मशीन कुठल्याही हिमोग्लोबिन व्हेरिएंटवर (बदललेल्या प्रकारावर) चालतं, काळजीच नको. मला काळजी आहे, कारण हा भाग सिकलसेलचा आहे. युगांडात २०१४-१५ मध्ये बाळांच्या एचआयव्ही तपासणीसाठी घेतलेले वाळलेल्या रक्ताचे ठिपके वापरून देशभर सिकलसेलची पाहणी झाली होती. सुमारे ९७ हजार सॅम्पल होते. देशाची सरासरी १३.३ टक्के वाहक, आणि काही जिल्ह्यांत २० टक्क्यांच्या वर. आमचा पट्टा जास्तवाल्यांत मोडतो. म्हणजे माझ्या काउंटरवर येणाऱ्या दर पाच-सहा माणसांत एक तरी एएस, म्हणजे सिकलचा वाहक असणार, आणि बहुतेकांना ते माहीतही नसतं.

तर, दोन आकडे भांडले की कोणाचं ऐकायचं? मशीन कोणतं मागायचं? आणि आमच्यासारख्या लॅबमध्ये, आहे त्या माणसांत, याचा नीट अभ्यास करून काही ठरवता येईल का? इथल्या लोकांच्या रक्तावर, इथल्या उन्हात आणि इथल्या रस्त्यावर आकडे कसे वागतात ते मला माझ्या हाताने मोजून बघायचं आहे. बाहेरून छापून आलेलं कोष्टक भिंतीला लावून माझं समाधान होत नाही.

---

उत्तर १: बायोकेमिस्ट_चंद्रपूर

लॅबताई, मी चंद्रपूरला आहे. गोंड, माडिया, परधान आणि इतरही अनेक समाजांतले एएस आणि एसएस (ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे) सॅम्पल माझ्याकडे रोज येतात. त्यामुळे तुमचा प्रश्न मला परका नाही.

एक गोष्ट आधी वेगळी काढते, कारण विक्रेते ती नेहमी मिसळतात. व्हेरिएंटमुळे मशीनने चुकीचा आकडा देणं हा एक प्रकार. मशीनने अगदी बरोबर मोजलं, पण रक्तच साखरेची खरी गोष्ट सांगत नाही, हा दुसरा. पहिला प्रकार मशीन बदलून सुटतो. दुसरा जगातलं कुठलंही मशीन घेतलं तरी सुटत नाही.

एचबीएवनसी म्हणजे लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते हे गृहीत धरून आपण त्या आकड्याचा अर्थ लावतो. पेशी लवकर फुटत असतील तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. मलेरिया, कुठलाही हिमोलिसिस (लाल पेशी फुटणं), नुकताच झालेला रक्तस्राव, सगळं त्यात आलं. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया उलट बाजूने ओढतो, आकडा वर नेतो. तुमच्या वॉर्डात हे दोन्ही ॲनिमिया शेजारच्या खाटांवर असतील, म्हणून नुसतं 'हिमोग्लोबिन कमी' एवढ्यावर एचबीएवनसी कुठे सरकेल ते सांगता येत नाही. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या कोवळ्या लाल पेशींची संख्या) बघितल्याशिवाय त्या आकड्यावर बोलू नये.

जनुकांचं म्हणाल, तर २०१७ मध्ये दोन महत्त्वाची कामं प्रसिद्ध झाली. त्यांतले इथे कामाचे निष्कर्ष अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांचे आहेत, पण मुळं आफ्रिकेत आहेत. एकात दिसलं की रक्तातली साखर सारखीच असताना सिकल वाहकांचं एचबीएवनसी सरासरी ०.३ टक्के कमी येतं. दुसऱ्यात जी६पीडीच्या (लाल पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमच्या जनुकाच्या) आफ्रिकेत सर्रास आढळणाऱ्या एका प्रकाराचा परिणाम मोजला. ते जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे पुरुषाला एकच प्रत असते, आणि ती बदललेली असेल तर एचबीएवनसी सुमारे ०.८ ने खाली येतं. निदानाची रेषा ६.५ टक्क्यांवर आहे. त्या रेषेजवळ ०.८ म्हणजे मधुमेही माणूस सरळ निसटतो.

आता तुमचे शिक्षक. ५.७ म्हणजे सरासरी साखर साधारण ६.५ मिलिमोल. ज्याची उपाशीपोटी साखरच ९.८ आहे, त्याची दिवसभराची सरासरी ६.५ कशी असेल? एएस आणि जी६पीडी दोन्ही धरले तरी एवढी मोठी दरी भरत नाही. म्हणून सिकलसेलवर खापर फोडून थांबू नका. तीन गोष्टी विचारा. साखर गेल्या काही आठवड्यांतच वाढली का? (एचबीएवनसी मागून चालत येतं.) अलीकडे मोठा ताप किंवा मलेरिया झाला का? आणि गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं का?

निदानाचा नियम सोपा आहे. दोन चाचण्या वेगळं बोलत असतील तर जी रेषेच्या वर आहे तीच पुन्हा करा. उपाशीपोटी ७.० किंवा अधिक दुसऱ्यांदा आली की मधुमेह, एचबीएवनसी काहीही म्हणो. क्लिनिकल ऑफिसरना हेच कारण द्या: लाल पेशींवर शंका असेल तिथे प्लाझ्मा ग्लुकोजचं ऐकायचं, एचबीएवनसीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये निदानासाठी एचबीएवनसी मान्य केलं, तेव्हाही अचूक मोजमाप आणि मोजमाप बिघडवणारी परिस्थिती नसणं या अटी घातल्या होत्या. ६.५ चा आकडा सगळ्यांना पाठ असतो, अटी कुणी सांगत नाही.

पण प्लाझ्मा ग्लुकोज तरी खरं कधी असतं? तुमच्या दुसऱ्या केसकडे येते. मला त्या बाईची केस पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ करते, कारण असं रोज घडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बल्बमधल्या पेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात. साध्या खोलीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के साखर जाते. उन्हात मोटरसायकलच्या डब्यात त्याहून जास्त. पाच तासांत ७.६ चे ५.४ होणं अगदी हिशेबात बसतं.

'मग फ्लोराइड (साखर टिकवण्यासाठी घातलेलं रसायन) बल्ब वापरा' असं सगळे सांगतील. वापराच, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. फ्लोराइड ग्लायकोलिसिसच्या (पेशीत साखर मोडण्याच्या) साखळीत खूप खाली, एनोलेज या एन्झाइमवर काम करतं. वरची एन्झाइम्स तोवर साखर ओढत राहतात आणि पहिला तास-दोन तास घसरण चालूच असते. नंतर आकडा थांबतो. तो घसरलेल्या जागी थांबतो आणि पुढे दिवसभर स्थिर दिसतो, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. जिथे रुग्ण ७.१ चा आहे तिथे तेवढी घसरण निदान बदलते. पहिल्या मिनिटापासून थांबवायचं तर रक्त आम्लीय करावं लागतं. सायट्रेट बफर, फ्लोराइड आणि ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) एकत्र असलेले ग्लुकोजचे खास बल्ब येतात, ते साखळीच्या सुरुवातीलाच, हेक्सोकायनेज या पहिल्या एन्झाइमच्या पातळीवरच काम थांबवतात. कोॲग्युलेशनचा (रक्त गोठण्याच्या तपासणीचा) निळ्या टोपीचा सायट्रेट बल्ब म्हणजे हा नव्हे. त्यात द्रव असतो, रक्त पातळ होईल. स्टोअरकीपर नाव वाचून तो देईल, म्हणून आधीच सांगते.

खास बल्ब परवडले नाहीत तर बर्फ-पाण्याच्या मिश्रणात बल्ब बुडवून अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा करणं हा नियमातला रस्ता आहे. नुसते बर्फाचे खडे पुरत नाहीत, पाणी हवं, तरच बल्ब सगळीकडून थंड होतो.

---

उत्तर २: डॉक्टर_ब्लांटायर

मी मलावीत फिजिशियन आहे, मूळ सोलापूर. वरच्या ताईंचं सगळं मान्य, फक्त एक बाजू जोडतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की आफ्रिकेत एचबीएवनसी फेकून द्यावं.

युगांडातच झालेला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला ऑप्टिमल नावाचा अभ्यास बघा. टाइप २ च्या रुग्णांना सतत साखर मोजणारे सेन्सर लावले आणि त्या खऱ्या सरासरीशी एचबीएवनसी, उपाशीपोटी साखर आणि फ्रुक्टोसामाइन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर) ताडून बघितलं. ॲनिमिया, सिकल वाहक असे लोक भरपूर असूनही एचबीएवनसी सरासरीशी चांगलं जुळलं. म्हणजे ज्याचं निदान झालंय, ज्याचा डोस वाढवायचा की नाही हे ठरवायचंय, त्याच्यासाठी ही चाचणी उपयोगाची आहे. माझ्या ओपीडीत लोक पहाटे निघून, मिनीबस बदलत येतात. काहीजण उपाशी राहतात, काही वाटेत मँडाझी (तळलेला गोड पाव) खातात. एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही, ईडीटीएचा बल्ब फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. हे फायदे खरे आहेत.

अडचण निदानाची आहे, आणि तीही रेषेजवळच्या माणसांची. अमेरिकेत स्थायिक झालेल्या, आफ्रिकेत जन्मलेल्या लोकांवर तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम झालंय. एकट्या एचबीएवनसीच्या हातून निसटणारे बरेचजण ग्लायकेटेड अल्ब्युमिनची (अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेल्या साखरेची) जोड दिल्यावर सापडले. अल्ब्युमिनला लाल पेशींशी देणंघेणं नाही, ते दोन-तीन आठवड्यांची साखर सांगतं. फ्रुक्टोसामाइन त्याच कुळातलं आणि स्वस्त, साध्या ॲनालायझरवर चालतं. पण नेफ्रोटिक (लघवीतून प्रथिनं जाणारा) रुग्ण किंवा कुपोषित, अल्ब्युमिन उतरलेला रुग्ण असेल तर तेही खोटं बोलतं.

एचआयव्हीच्या रुग्णांकडे वेगळं लक्ष द्या. झिडोवुडिनसारख्या जुन्या औषधांवर पेशी मोठ्या होतात आणि एचबीएवनसी साखरेच्या मानाने कमी दिसतं. आता बहुतेकजण डोलुटेग्राविर या नव्या औषधावर आहेत. ते सुरू केल्यावर काही आठवड्यांत साखर एकदम खूप वाढल्याचे रुग्ण युगांडातूनच ठळकपणे नोंदले गेले. असा माणूस आला की एचबीएवनसी अजून वर चढलेलंच नसतं. तिथे त्याच दिवशीचं ग्लुकोज हवं. (आणि डोलुटेग्राविरबरोबर मेटफॉर्मिन दिवसाला एक ग्रॅमच्या वर नेऊ नका. हे लॅबचं काम नाही, पण क्लिनिकल ऑफिसरना सांगा.)

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते तरुण मुलांबद्दल. पंधरा-वीस वर्षांचा, बारीक, साखर तीसच्या वर असलेला मुलगा आला की आपण टाइप १ लिहितो आणि इन्सुलिन सुरू करतो. इन्सुलिन त्या वेळी बरोबरच असतं. पण २०२५ मध्ये योडा नावाचा अभ्यास आला: कॅमेरून, युगांडा आणि दक्षिण आफ्रिका, लहानपणी किंवा तरुणपणी मधुमेह झालेले ८९४ जण, सगळ्यांवर टाइप १ चा शिक्का. त्यांतल्या सुमारे ६५ टक्के लोकांत टाइप १ ची ओळख असलेली प्रतिपिंडं सापडलीच नाहीत. इन्सुलिन कमी, पण शरीर स्वतःवर हल्ला करत असल्याची खूण नाही. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने बँकॉकच्या परिषदेत कुपोषणाशी निगडित मधुमेहाला टाइप ५ म्हणून मान्यता दिली, आणि त्या कामात आपल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा मोठा वाटा आहे. योडातले सगळे टाइप ५ असं कुणी म्हणत नाही. पण प्रतिपिंडं आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं त्याची खूण) तपासण्याची सोय असती तर या मुलांना आपण काय सांगतो, कोणता उपचार देतो, तो वाढवतो की कमी करतो, हे बदललं असतं. लॅब नाही म्हणून आजाराचं नावच चुकतंय, याचा मला राग येतो. देणगीदार भेटले तर त्यांना हेही सांगा. सी-पेप्टाइड इथे मोजता आलं नाही तरी प्लाझ्मा गोठवून कंपालाला पाठवता येतो.

---

उत्तर ३: बायोमेडिकल_नैरोबी

मशीनबद्दल थोडक्यात. मी इथे मशीन बसवतो आणि दुरुस्त करतो.

एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून मोजणारी पद्धत) सुंदर काम करतं, आणि त्याचा मोठा फायदा म्हणजे आलेख दिसतो. हिमोग्लोबिन एसचं शिखर वेगळं उभं राहिलं की लॅबवाल्याला कळतं, हा माणूस वाहक आहे. पण त्याला स्थिर वीज, बऱ्यापैकी थंड खोली आणि रोजचं काम लागतं. आठवड्यातून एकदाच मशीन चालवलं तर प्रत्येक वेळी प्राइमिंग, कॅलिब्रेशन आणि कंट्रोलमध्येच रिजेंट संपतं. बंद पडलं तर लिराला इंजिनिअर कधी पोहोचेल ते आधी लेखी घ्या.

बोरोनेट ॲफिनिटीची (साखर चिकटलेलं सगळंच हिमोग्लोबिन पकडणाऱ्या पद्धतीची) कार्ट्रिज मशीनं लहान असतात, छोट्या यूपीएसवर चालतात, आणि रासायनिकदृष्ट्या एएसमुळे बिघडत नाहीत. विक्रेत्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर असेल. पण ती व्हेरिएंट दाखवतही नाहीत. एसएस रुग्णाच्या रक्तात मुळात हिमोग्लोबिन ए जवळजवळ नसतं, तरी असं मशीन शांतपणे एक आकडा छापून देईल. त्या आकड्याला अर्थ नाही. कार्ट्रिजना फ्रिज लागतो, लॅबमध्ये लसींचा नव्हे असा स्वतंत्र फ्रिज आहे का ते बघा.

कुठलंही घ्या, पण अमेरिकेतल्या एनजीएसपी या एचबीएवनसी-मोजमाप प्रमाणित करणाऱ्या कार्यक्रमाच्या यादीत त्या मॉडेलपुढे हिमोग्लोबिन एस, सी, ई, डी या व्हेरिएंटसाठी काय लिहिलंय ते तपासा. कंपनीचं नाव बघून भागत नाही, मॉडेल आणि पद्धत बघायची. देणगीच्या मशीनबरोबर दोन वर्षांचं रिजेंट आणि देखभाल मिळत नसेल तर त्या पैशात सेंट्रिफ्यूज, यूपीएस आणि चांगले बल्ब घ्या असं मी सांगेन.

---

लॅबताई_लिरा

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. तुमची उत्तरं छापून क्लिनिकल ऑफिसरना वाचून दाखवली, मध्येमध्ये इंग्रजीत सांगत. ते खूप लक्ष देऊन ऐकत होते.

शिक्षकांची फाइल मागवली. चंद्रपूरच्या ताईंचा तिसरा प्रश्न लागू पडला. साधारण दोन महिन्यांपूर्वी त्यांचं दुसऱ्या गावी ऑपरेशन झालं होतं आणि रक्त चढवलं होतं. अंगात फिरणाऱ्या पेशींतल्या बऱ्याच दुसऱ्या कुणाच्या तरी होत्या. उपाशीपोटी साखर बर्फ-पाण्यात ठेवून पुन्हा केली, ती १०.१ आली. औषध सुरू झालंय. आमच्या रिक्विझिशन फॉर्मवर आता दोन रकाने वाढवले आहेत: चार महिन्यांत रक्त दिलं गेलं का, आणि महिनाभरात मलेरियाचा उपचार झाला का. सिकलची सोल्युबिलिटी टेस्टही (रक्तात हिमोग्लोबिन एस आहे का ते दाखवणारी साधी चाचणी) करणार होते, पण रक्त चढवलेल्या माणसात तीही दात्याच्या पेशींमुळे फसवू शकते, म्हणून पुढे ढकलली.

मशीनचं अजून ठरलं नाही. देणगीदारांना लिहिलंय की आधी केंद्रांसाठी बल्ब, बर्फाच्या पेट्या आणि एक जास्तीचं सेंट्रिफ्यूज द्या. त्यांना मशीनचा फोटो हवा असतो हे मला कळतं, पण ती बाई ज्या हेल्थ सेंटरमधून आली, तिथे मशीन आल्याने काही बदलणार नाही.

आता अभ्यासाकडे येते. माझा कच्चा आराखडा असा. चाळीस प्रौढ, त्यांत मधुमेही आणि मधुमेह नसलेले दोन्ही. एकाच टोचणीत बल्ब भरायचे: एक बर्फ-पाण्यात, अर्ध्या तासात फिरवलेला, हाच संदर्भ. बाकीचे साधे आणि फ्लोराइडचे, टेबलावर आणि सॅम्पलच्या डब्यात, एक, दोन, चार आणि सहा तासांनी मोजायचे. डब्यात थर्मामीटर. हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी सगळ्यांच्या. शिवाय बोटातून ग्लुकोमीटर, कारण केंद्रांत तेच आहे. सोल्युबिलिटी सगळ्यांची करावी का, आणि आकडे आले की त्यांचं काय करायचं, हे विचारायचंय.

---

बायोकेमिस्ट_चंद्रपूर

आराखडा चांगला आहे. शिक्षकांचं निदान झालं याचा आनंद वाटला.

आकडे आल्यावर कोरिलेशन काढून थांबू नका. प्रत्येक सॅम्पल बरोबर एक मिलिमोलने कमी आलं तरी कोरिलेशन उत्तमच दिसेल. प्रत्येक माणसासाठी संदर्भ आणि दुसरा बल्ब यांतला फरक काढा, तो दोघांच्या सरासरीसमोर मांडा, म्हणजे ब्लांड-ऑल्टमन आलेख. मग साधा प्रश्न विचारा: ७.० च्या वर असलेले किती जण सहा तासांनी खाली आले? तुमच्या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आलेख कदाचित कळणार नाही, पण 'इतक्या मधुमेहींचा रिपोर्ट वाटेत नॉर्मल झाला' हे वाक्य नक्की कळेल. म्हणून चाळीसमध्ये साखर ६ ते ८.५ च्या दरम्यान असलेली माणसं मुद्दाम जास्त घ्या. ४ वाले आणि २० वाले घेऊन रेषेवर काय होतं ते कळणार नाही.

सुरू करण्याआधी तुमच्या ॲनालायझरची स्वतःची ढळ मोजा. एकच कंट्रोल पाच दिवस, रोज पाच वेळा. मशीनच दोन-तीन टक्के हलत असेल तर तासाभराची घसरण त्यात हरवेल. ग्लुकोमीटरसाठी हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) नोंदवायला विसरू नका. ॲनिमिया असलेल्या माणसात बऱ्याच स्ट्रिप साखर खरीपेक्षा जास्त दाखवतात, आणि प्रसूतीच्या वॉर्डात याचा फार त्रास होतो. स्ट्रिपची डबी उघडल्याची तारीख डबीवरच लिहा. झाकण उघडं राहिलं की दमट हवेत त्या बिघडतात.

परवानगी आधी घ्या: जवळची संशोधन नीतिसमिती, मग राष्ट्रीय विज्ञान परिषदेत नोंद. वेळ लागतो, पण त्याशिवाय हे काम तुमच्या हॉस्पिटलबाहेर कुणी मानणार नाही. आणि ते बाहेर जायला हवं.

आता सोल्युबिलिटी. इथे मी तुम्हाला अडवणार आहे. ग्लुकोजच्या घसरणीशी एएसचा संबंध नाही, तेव्हा या अभ्यासाला ती चाचणी लागत नाही. एचबीएवनसीचा दुसरा भाग कराल तेव्हा लागेल. सोल्युबिलिटी एएस आणि एसएस वेगळे करत नाही, पुढे इलेक्ट्रोफोरेसिस (विजेने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणं) किंवा एचपीएलसी करावंच लागतं, त्याची सोय आधी बघा. आणि आमच्याकडचा अनुभव सांगते. एएस असणं हा आजार नाही, तरी आमच्या गावांत तो कागद मुलीच्या लग्नात आडवा येतो. सासरच्यांनी रिपोर्ट मागून घेतल्याच्या, आणि मुलगा वाहक आहे हे लपवून मुलीलाच दोष दिल्याच्या तक्रारी घेऊन बायका माझ्या टेबलासमोर बसल्या आहेत. तुमच्या भागातल्या लांगो समाजात हे कसं घेतलं जातं ते तुम्ही तिथल्या नर्सना विचारा, मला माहीत असण्याचं कारण नाही. संमतिपत्रात स्पष्ट लिहा की हा निकाल फक्त त्या माणसाला, एकट्याला, त्याच्या भाषेत सांगितला जाईल, आणि नको असेल तर सांगितला जाणार नाही. सांगणारी व्यक्ती कोण हे नावानिशी ठरल्याशिवाय त्या चाचणीसाठी पहिला बल्ब भरू नका.